पारख तंबाखूची
(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

तंबाखूविषयी बोलायचं तर आधी एक कबुली दिलेली बरी. मी बारा वर्षं विडी ओढली आणि ती सुटल्यालाही आता वीसहून अधिक वर्षं झाली. तेव्हा विडीची तरफदारी करायला मी आलेलो नाही. पण ज्या घरात मी वाढलो त्या घराची चूल विडीवर पेटत होती. अब्बा विडीच्या कारखान्यात तंबाखूची पारख करायचे. अम्मा घरी विड्या वळायची. आणि चाचा, म्हणजे अब्बांचे धाकटे भाऊ, निपाणीजवळच्या आमच्या गावात दोन एकरांत तंबाखू पिकवायचे. एकाच वस्तूला तिघांचे हात लागत होते आणि चांगली तंबाखू कोणती, या प्रश्नाचं तिघांचं उत्तर वेगळं होतं.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की अब्बांचा डबा घेऊन मी कारखान्यात जाई. आत पाऊल टाकलं की पहिल्यांदा शिंका, मग डोळ्यांतून पाणी, आणि मग हळूहळू सवय. अब्बा पोत्यांच्या रांगेपुढे उकिडवे बसलेले असत. पोत्याच्या तोंडाची तंबाखू ते कधीच बघत नसत. वरचा थर म्हणजे लग्नातला नवरदेव, तो सजवलेलाच असतो, असं म्हणत. हात कोपरापर्यंत आत घालून मधली मूठ काढायचे, ती आवळायचे आणि सोडायचे. तंबाखू हातात सावकाश उमलली तर ओल बेताची. गोळा तसाच राहिला तर समजावं की वजन वाढवायला पाणी मारलंय. कुरकुर करून चुरा झाला तर अर्धा माल चाळणीखाली जाणार. मग ती मूठ दारातल्या उजेडात न्यायची. पानाच्या तुकड्यावर तांबूस-तपकिरी ठिपके आहेत का, ते बघायचे. झाड पुरतं पिकल्यावरच पानावर असे ठिपके उमटतात. हिरवट छटा राहिली असेल तर पान कच्चं कापलंय. त्यानंतर वास. आणि शेवटी आगीची परीक्षा.

ही शेवटची परीक्षा मला फार आवडायची. पानाचा एक सपाट तुकडा घ्यायचा, त्याच्या कडेला पेटती उदबत्ती टेकवायची आणि काढून घ्यायची. जाळ व्हायला नको. नुसती लाल कड पुढे सरकत राहायला हवी. अब्बा ओठांतल्या ओठांत आकडे मोजत. काही पानं तीन-चार आकड्यांतच विझत, काही शेवटपर्यंत जळत जात आणि मागे पांढरी, हलकी राख ठेवत. राख काळी आणि चिकट पडली की अब्बा मान हलवत. एकदा एका पोत्यातली पानं दिसायला झकास होती, ठिपके होते, वास होता, पण धरली की विझायची. अब्बा म्हणाले, ही खारट पाण्याच्या विहिरीवरची असणार. मला ती जादू वाटली होती. पुढे वाचनात आलं की जमिनीतून, पाण्यातून क्लोराइड जास्त गेलं तर तंबाखू नीट जळत नाही, आणि पोटॅश मिळालं तर चांगली जळते. अब्बा चौथीपर्यंत शिकलेले. त्यांना क्लोराइड ठाऊक नव्हतं, विहिरी ठाऊक होत्या.

ही आगीची परीक्षा किती जुनी आहे, ते मला बी.ए.ला इतिहास शिकताना कळलं. अकबराच्या दरबारात असद बेग नावाचा एक सरदार होता. शाहजादा दानियाल याचं लग्न विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या मुलीशी ठरलं होतं आणि त्या कामगिरीवर असद बेगला विजापूरला पाठवलं होतं. तिथे त्याने एक गोष्ट पाहिली, जी उत्तरेत त्याने कधी पाहिली नव्हती. लोक एका पानाचा धूर ओढत होते. १६०४-०५च्या सुमारास तो आग्र्याला परतला तेव्हा बादशहासाठी आणलेल्या नजराण्यात तंबाखू आणि एक रत्नजडित चिलीम होती. त्या चिलमीच्या नळीचं, तिच्या तोंडाशी बसवलेल्या येमेनी अकीकाचं, सोन्याच्या भांड्याचं वर्णन त्याने मोठ्या हौसेने केलं आहे. आदिलशहाने दिलेल्या विड्याच्या पानांच्या नक्षीदार पिशवीत त्याने तंबाखू भरली होती. ती कशी होती, तर एका पानाला विस्तव लागला की सगळी जळत जावी अशी. म्हणजे विजापुरातही कोणीतरी उजेडात पान धरून, विस्तव लावून आकडे मोजले असणार.

पुढचा प्रसंग तर नाटकात घालावा असा आहे. अकबराने विचारलं, हे काय आहे? खान-ए-आझम मिर्झा अझीझ कोका म्हणाले, ही तंबाखू, मक्का-मदिनेत माहितीची आहे आणि हकीमसाहेबांनी हुजुरांसाठी औषध म्हणून आणवली आहे. बादशहाने चिलीम भरायला सांगितली. हकीम आडवा आला. या वस्तूचा आमच्या ग्रंथांत उल्लेख नाही, तिची कोणी परीक्षा केलेली नाही, तेव्हा ती ओढू नये, असं त्याचं म्हणणं. बादशहा म्हणाला, असद बेगच्या समाधानासाठी थोडी ओढायलाच हवी, आणि त्याने दोन-तीन झुरके घेतले. मग वाद रंगला. असद बेगचा मुद्दा असा की जगातली प्रत्येक वस्तू कधीतरी नवीनच होती आणि फिरंगी काही इतके मूर्ख नाहीत. हकिमाचं उत्तर की फिरंग्यांचं अनुकरण करायची आम्हाला गरज नाही. अकबराला असद बेगचा युक्तिवाद आवडला, पण त्याने स्वतः तंबाखूची सवय लावून घेतली नाही. सरदारांनी मात्र लावून घेतली. व्यापाऱ्यांनी ती विकायला सुरुवात केली आणि बघता बघता ती सगळीकडे पसरली. बारा वर्षांनी, १६१७ साली जहांगीरला तंबाखूबंदीचं फर्मान काढावं लागलं. इराणात शाह अब्बासनेही तेच केलं. दोन्ही फर्मानांचं काय झालं, ते कोपऱ्यावरच्या पानपट्टीकडे पाहिलं की कळतं.

चारशे वर्षांपूर्वीच्या त्या दरबारात मला सगळ्यांत शहाणा तो हकीम वाटतो. त्याला बिचाऱ्याला कोणी ऐकलं नाही.

तंबाखू दख्खनमध्ये आली ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून, गोव्यामार्गे. नावसुद्धा त्यांचंच. त्यांचं 'ताबाको', फारसीत 'तंबाकू', आपल्याकडे 'तंबाखू'. गोव्यात पोर्तुगीज सरकारने तंबाखूच्या विक्रीचा मक्ता आपल्या हाती ठेवला होता आणि ब्राझीलच्या बाहिया प्रांतातली, काकवीत घोळवून दोरखंडासारखी वळलेली तंबाखू लिस्बनमार्गे गोव्याला यायची. आपल्या मातीत ती इतकी रुजली की परकी आहे हे कोणाच्या लक्षात राहिलं नाही. गुडगुडी श्रीमंताची, चिलीम गरिबाची, तपकीर भिक्षुकाची, मिश्री बायकांची. जातीधर्माच्या भिंती तंबाखूने ओलांडल्या, असं मी तरुणपणी एका कवितेत लिहिलं होतं. आता ती कविता मी संग्रहातून काढून टाकली आहे.

विडी मात्र अलीकडची. गुजरातेत खेडा-पंचमहाल भागात शेतमजूर झाडाच्या पानात तंबाखू गुंडाळून ओढायचे, आणि ते पान कोणतं, तर आपट्याचं. दसऱ्याला आपण जे सोनं म्हणून वाटतो तेच. १८९९-१९००च्या मोठ्या दुष्काळात, ज्याला गुजरातेत छप्पनियो म्हणतात, बरीच कुटुंबं पोटासाठी पूर्वेकडे मध्य प्रांतात गेली. तिथल्या जंगलात त्यांना तेंदूचं पान भेटलं. आपल्या विदर्भात त्या झाडाला टेंभुर्णी म्हणतात. पान मोठं, लवचीक, वळलं तरी न तडकणारं आणि भरपूर. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच जबलपूरला आणि मुंबईत विडीचा व्यवस्थित धंदा सुरू झाला. रेल्वेने तो गोंदिया, भंडारा, कामठी असा पसरवला. स्वदेशीच्या चळवळीत विलायती सिगारेट टाकून विडी ओढणं ही देशभक्ती झाली. खादी घातलेल्या माणसाच्या ओठांत विडी, हे चित्र त्या काळी कोणाला खटकत नव्हतं.

आणि इथेच तंबाखूच्या निवडीचा प्रश्न नव्याने आला. सिगारेटचा कागद सच्छिद्र असतो, त्यातून हवा आत जाते आणि सिगारेट हातात नुसती धरली तरी जळत राहते. तेंदूच्या पानातून हवा जात नाही. झुरका घेतला नाही की विडी विझते. म्हणून विडीवाल्याला विझायला नाखूष अशी तंबाखू लागते. सबंध विडीत पाव ग्रॅमच्या आसपास तंबाखू, सिगारेटच्या निम्म्याहून कमी. पण ती पेटती ठेवण्यासाठी माणूस जास्त वेळा आणि जास्त खोल ओढतो. विडी गरिबाची, साधी, पानाची, म्हणून सिगारेटपेक्षा बरी, ही समजूत खरी नाही. अब्बांना हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी मला सांगितलं होतं की चांगली विडी ती, जी बोलताना विझत नाही.

कॉलेजला मी कोल्हापुरात होतो. तिथे होस्टेलवर एकाने मुंबईहून सिगारेट वळायचे पातळ कागद आणले होते. हातांनी वळून ओढण्याचं तेव्हा आम्हा कवींच्या टोळक्याला फार अप्रूप. निपाणीकडचा मुलगा म्हणून सुटी तंबाखू आणायची कामगिरी माझ्यावर आली. मी कारखान्यातली पहिल्या नंबरची तंबाखू पावशेर नेली आणि सगळ्यांची फजिती झाली. कागदात ती भराभर जळे, जिभेला चावे, आणि टोकातून तुकडे तोंडात येत. सुट्टीत घरी गेल्यावर अब्बांना आडून विचारलं. आडून अशासाठी की बापापुढे विडीचं नाव काढणं आमच्याकडे बेअदबी. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, कागदासाठीची तंबाखू धाग्यासारखी चिरलेली असते, म्हणजे एकमेकींत अडकून राहते. आपली पापुद्र्यासारखी, ती पानातच बसते. शिवाय कागदाला सौम्य पान लागतं, आंध्रात भट्टीच्या उष्णतेवर वाळवलेलं पिवळं. आपलं उन्हात वाळलेलं, काळपट आणि तिखट. मग जरा थांबून म्हणाले, कशाला विचारतोस? मी म्हटलं, निबंधासाठी. ते म्हणाले, निबंध ओढू नकोस.

त्यांचं खरं कौशल्य मिसळीत होतं. कोल्हापूरकरांना मिसळ म्हटलं की तर्री आठवते, पण विडीच्या धंद्यातही मिसळ असते. कुठलीही एक तंबाखू विडीत एकटी भरत नाहीत. निपाणीच्या मालात गुजरातेतल्या चरोतरचा माल मिसळायचा, जुना नव्यात मिसळायचा. अब्बांच्या मते निपाणीच्या पानाला वास आणि जळण, चरोतरच्या पानाला ताकद. तुकड्यांचा आकारही मिसळीत बघावा लागतो. बारीक जास्त झाली तर विडी कोंदते, जाड राहिली तर पान फोडते, काडी राहिली तर ठिणगी उडून गिऱ्हाइकाचा सदरा जळतो. विडीचा छाप तोच आणि चव वर्षानुवर्षं तीच, याचं श्रेय अशा कुठल्याशा कोपऱ्यात बसलेल्या माणसाचं. प्रत्येक मिसळीची विडी वळून ते अर्धी ओढत. दिवसाला तीस-चाळीस अर्ध्या विड्या. रमजानात रोजा असल्याने दिवसभर फक्त हाताने आणि नजरेने काम चाले, आणि इफ्तारनंतर ते कारखान्यात परत जाऊन रात्री ओढून बघत. अम्माला ते अजिबात आवडत नसे.

आता शेताकडे येऊ, कारण खरी गोष्ट तिथे आहे. तंबाखूचं बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये दहा-बारा हजार बिया बसतात. पावसाळ्याच्या तोंडाला वाफ्यात रोपं करायची, ऑगस्ट-सप्टेंबरात रानात लावायची, शेंडा खुडायचा, बगलेतले फुटवे आठवड्या-आठवड्याला काढायचे, म्हणजे सगळा जोर पानात उतरतो. हे फुटवे काढताना हात चिकट काळे होतात आणि दवाने ओल्या पानांत काम केलं तर निकोटिन कातडीतून अंगात जाऊन चक्कर येते, उलट्या होतात. मी लहानपणी चाचांच्या रानात असा पडलो होतो. घरच्यांनी नजर लागली म्हणून मिरच्या ओवाळल्या. पुढे जानेवारी-फेब्रुवारीत कापणी, रानातच वाळवण, आणि पहाटे दवाने पान मऊ असतानाच गोळा करणं, नाहीतर हातात चुरा होतो. सात-आठ महिन्यांचं पीक. आणि त्याची किंमत ठरते व्यापाऱ्याच्या माणसाने एक मूठ आवळून सोडल्यावर.

आमच्या भागात तो माणूस पुष्कळदा माझे अब्बा असत. कारखानदाराच्या खरेदीला ते गावोगाव जात. ते ढीग बघत, मूठ काढत आणि पहिला, दुसरा, तिसरा असा नंबर सांगत. व्यापारी बाजूला उभा राहून भाव बोलत असे. नंबर कसा सांगायचा, हे निघण्यापूर्वीच सुचवलेलं असे. यंदा पहिला नंबर फार निघायला नको, एवढं एक वाक्य पुरे व्हायचं. व्हर्जिनिया तंबाखूसाठी पुढे, १९८०च्या दशकात, सरकारी तंबाखू मंडळाच्या देखरेखीखाली लिलाव सुरू झाले. विडीच्या तंबाखूला तेही नशिबी नव्हतं. माल शेतकऱ्याच्या दारात, पावसाची भीती डोक्यावर, उसनवारी त्याच व्यापाऱ्याची. वर तूट म्हणून किलोमागे कापायचं आणि पैसे सावकाश, हप्त्याहप्त्याने द्यायचे.

१९८० साली खरेदीचा तांडा चाचांच्या खळ्यावर आला. मी तिथेच होतो, आठ-नऊ वर्षांचा. चाचांनी त्या वर्षी जीव ओतून पीक काढलं होतं. अब्बांनी कोपरापर्यंत हात घातला, मूठ काढली, सोडली. मी बघत होतो, तंबाखू फुलासारखी उघडली. ठिपके तर मलाही दिसत होते. अब्बांनी उदबत्ती लावली. लाल कड पानाच्या टोकापर्यंत गेली. माझे वीस आकडे मोजून झाले होते. अब्बा म्हणाले, "दुसरा नंबर."

चाचा काही बोलले नाहीत. व्यापाऱ्याने भाव सांगितला, त्यांनी मान हलवली. तांडा पुढच्या खळ्यावर गेला. त्या दिवसानंतर दोघा भावांचं बोलणं थांबलं. ईदला चाचा आले, गळाभेट झाली, शिरखुर्म्याची वाटी रिकामी करून गेले, पण शब्द नाही. अम्माने एकदा विचारलं तेव्हा अब्बा एवढंच म्हणाले की नोकरी गेली तर तू हजार विड्यांवर पाच माणसं जगवशील का?

पुढच्या वर्षी शरद जोशी निपाणीला आले. १४ मार्च १९८१ला हजारो तंबाखू उत्पादकांनी पुणे-बंगलोर महामार्ग अडवला. शेतकरी बैलगाड्यांसह, बायकामुलांसह रस्त्यावर येऊन बसले. तिथेच चुली पेटल्या, भजनं झाली, त्या वस्तीला आंदोलननगर नाव पडलं. निपाणी हा मराठी मुलूख १९५६ साली म्हैसूर राज्यात गेलेला, सीमाप्रश्नाची जखम ओली. पण त्या तीन आठवड्यांत कन्नड बोलणारा आणि मराठी बोलणारा असा भेद रस्त्यावर नव्हता. सगळे दुसऱ्या नंबरचे होते. चाचा पहिल्या दिवसापासून तिथे. अब्बा कारखान्यात. ६ एप्रिलला पोलिसांनी रस्ता मोकळा करायला घेतला, गोळीबार झाला आणि बारा शेतकऱ्यांचे जीव गेले.

बातमी आमच्या गावात दुपारी आली, नावं मात्र कोणालाच ठाऊक नव्हती. अब्बांनी सायकल काढली. अम्माने त्यांना अडवलं नाही. रात्री उशिरा ते परतले तेव्हा मागच्या कॅरिअरवर चाचा होते, गुडघा फुटलेला, पायात चप्पल नाही. अम्माने पाणी तापवलं. दोघे ओट्यावर बसले आणि मी दाराआड. आम्ही घरी दखनी बोलतो, ते मी इथे मराठी करून सांगतो. बराच वेळ गेल्यावर चाचा म्हणाले, "भाई, गेल्या साली तू किती आकडे मोजलेस?"

अब्बा म्हणाले, "चोवीस."

चाचांनी खिशातून विडी काढली, अब्बांनी काडी ओढली. मोठ्या भावासमोर चाचा त्याआधी कधी विडी ओढत नसत.

त्यानंतरही अब्बा त्याच नोकरीत राहिले. आंदोलनानंतर व्यापाऱ्यांना थोडं सांभाळून वागावं लागलं, इतकं म्हणता येईल. अब्बा खरेदीला जायचं मात्र टाळू लागले आणि चाळणीपलीकडे मिसळीच्याच कामावर बसले. चाचांनी पुढे दोन एकरांत ऊस लावला. निपाणीच्या वखारींत तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या बायकांची संघटना प्रा. सुभाष जोशी यांनी बांधली, त्या बायकांच्या हालांवर अनिल अवचटांनी लिहिलं, आणि मराठी वाचकाला तंबाखूमागच्या बायका पहिल्यांदा दिसल्या. मलाही, खरं सांगायचं तर, त्या लेखनानंतरच दिसल्या. घरात एक असून.

अम्माचा दिवस आदल्या रात्री सुरू व्हायचा. तेंदूची पानं भिजत घालायची. सकाळी पाणी निथळून ओल्या गोणपाटात गुंडाळायची, पत्र्याच्या साच्यावर धरून कात्रीने कापायची, मग सूप मांडीवर. एक पान, चिमूटभर तंबाखू, वळणं, दोरा, टोक आत दाबणं. हजार विड्यांना दहा तास जात. हजारांमागे ठेकेदार पाव किलोच्या आसपास तंबाखू तोलून द्यायचा, आणि तो तराजू कधी अम्माच्या बाजूला झुकला नाही. कमी पडली तर पदरचे पैसे घालून बाजारातून आणायची. संध्याकाळी विड्या मोजून घेताना तोच माणूस शंभरातल्या पाच-सात बाद करायचा. बाद विड्यांची मजुरी नाही, पण त्या विड्या परतही नाहीत. त्याच रात्री त्या इतरांबरोबर बंडलात जात, हे सगळ्या वस्तीला माहीत होतं. १९६६ साली विडी आणि सिगार कामगारांचा कायदा झाला आहे, १९७६ साली कल्याण निधीचा. सोलापूरच्या विडी कामगार बायकांनी तर झगडून कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत उभी केली, २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग तिच्या उद्घाटनाला आले होते. पण आमच्या गल्लीत अम्माचं नावच कारखान्याच्या कुठल्या वहीत नव्हतं. होतं ते ठेकेदाराच्या खिशातल्या डायरीत, तेही अब्बांच्या नावापुढे 'घरची' एवढंच.

अब्बा १९९९ साली छातीच्या आजाराने गेले. शेवटची दोन वर्षं त्यांना वास येत नव्हता. जेवणाचा नाही, अत्तराचा नाही. माझी विडी सुटली ती त्यानंतर चार वर्षांनी, डॉक्टरांच्या धाकाने, दुःखाने नव्हे.

अम्मा आता ऐंशीच्या पुढे आहे. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून सूप बंद आहे. बोटांची टोकं अजून पिवळी आहेत आणि खोकला आहे, तिने आयुष्यात एकही विडी ओढलेली नसताना. हे भाषण लिहायला घेतलं तेव्हा तिला विचारलं, "अम्मा, तुझ्या मते चांगली तंबाखू कोणती?" मला वाटलं, निपाणीची म्हणेल, अब्बांच्या मिसळीची म्हणेल.

ती म्हणाली, "जिच्यात खकाणा कमी."

मग तिने मला सांगितलं की अब्बांच्या मिसळीत बारीक भुकटी फार असायची. विडी बोलताना विझू नये म्हणून ते ती घालत. हे तिने त्यांना लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी सांगितलं होतं. त्यानंतर पुन्हा कधी सांगितलं नाही.